काटक माणसाची साखर : आहाराविषयीच्या काही अर्ध्या वाक्यांची चिकित्सा

"काटक माणसाला साखर होत नाही," हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले ते माझ्या वडिलांच्या तोंडून. दौंड तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून ते शेजारच्या जाडजूड पाटलांना चिडवत होते. अण्णांचे वजन उभ्या आयुष्यात ५३ किलोच्या वर गेले नाही. हातापायांच्या काड्या, चालणे झपझप, आणि जेवण झाले की गुळाचा खडा ठरलेला. गावात तब्येतीचा विषय निघाला की उदाहरण अण्णांचे दिले जाई.

वयाच्या ६१व्या वर्षी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी त्यांचे रक्त तपासले, तेव्हा साखर इतकी निघाली की शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. मोतीबिंदू नंतर निघाला, पण मागच्या पडद्याचे नुकसान होऊन गेले होते. शेवटची चार वर्षे त्यांना पेपर मी वाचून दाखवत असे. त्याआधी निदान दहा वर्षे पाय जळजळतात, रात्री उठावे लागते, अशा तक्रारी ते करत होते. पण साखर तपासावी असे घरात कुणाला वाटले नाही, आणि एका दवाखान्यात तर "तुम्हाला कसली साखर, अंगावर मास तरी आहे का?" असे हसून सांगण्यात आले होते. ते वाक्य बोलणारा माणूस वाईट नव्हता. आम्ही सगळेच ते वाक्य खरे मानत होतो.

मी तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले. वाक्ये तपासणे हा माझा धंदा. अण्णा गेल्यावर मी एक वही केली आणि खाण्यापिण्याविषयी, वजनाविषयी कानावर पडणारी वाक्ये तीत लिहू लागले. माहेर दौंडला, सासर शिरूरच्या जिरायती पट्ट्यात. त्यामुळे एसटी स्टँड, आठवडे बाजार, लग्नाच्या पंगती, बचतगटाच्या बैठका, रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या मुलांच्या गप्पा, सगळे आपोआप वहीत येत गेले. आज तीत दीडशेच्या आसपास वाक्ये आहेत. प्रस्तुत लेख त्या वहीतल्या निवडक वाक्यांची चिकित्सा आहे. वैद्यकाचा अधिकार मला नाही आणि तसा आव आणण्याचा हेतूही नाही. वाक्य कुठून आले, कुणासाठी होते आणि आज कुणाच्या तोंडी आहे, एवढेच मी पाहिले आहे. त्यातून एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. ज्याला आपण गैरसमज म्हणतो, ते बहुधा निव्वळ खोटे नसते. ते एका पूर्ण वाक्याचा उरलेला अर्धा भाग असते.

गुळाचे वाक्य

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे निघाले की पारगावला भीमा ओलांडावी लागते. नदीच्या अलीकडे बाजरीची रिकामी रानेही दिसतात. पलीकडे दोन्ही बाजूंनी ऊस सुरू होतो आणि हंगामात मधूनमधून गुऱ्हाळांचा धूर दिसतो. दौंड तालुका गुळासाठी ओळखला जातो. वहीतले पहिले वाक्य इथलेच आहे : "साखरेनं वजन वाढतं, गुळानं नाय."

हे वाक्य पुण्याच्या दुकानात वेगळ्या वेषात भेटते. तिथे गूळ काळसर असतो, पाकिटात असतो आणि पाकिटावर 'सेंद्रिय' असे छापलेले असते. चहात दोन चमचे साखर घालणारी माझी भाची आता तीन चमचे गुळाची पावडर घालते आणि मनाला बरे वाटून घेते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सिद्ध केलेली भारतीय अन्नपदार्थांची जुनी तक्ते पाहावीत. १०० ग्रॅम साखरेत ३९८ कॅलरी, १०० ग्रॅम गुळात ३८३. पाच ग्रॅमच्या चमच्याला हिशेब केला तर फरक एका कॅलरीहूनही कमी पडतो. म्हणजे भाचीचे तीन चमचे तिच्या आधीच्या दोन चमच्यांपेक्षा जास्तच भरतात. गुळात थोडी खनिजे उरतात हे खरे, पण ती पुरेशी मिळतील इतका गूळ खायचा तर आधी बाकीचे प्रश्न उभे राहतील. मधुमेह्याच्या रक्ताला तर या दोहोंतला फरक फारसा कळतही नाही.

मग हे वाक्य आले कुठून? एका गुऱ्हाळावर मी ते गुळव्याला विचारले. काहिलीतला रस ढवळता ढवळता तो म्हणाला, "ताई, आमी दिवसभर या चुलवाणापाशी उभं राहतो. घामानं अंग पिळून निघतं. गूळ खाल्ला नाय तर चक्कर येईल. आमचं वजन कशानं वाढंल?" वाक्याचा दुसरा अर्धा भाग हा असा सापडला. दिवसभर मोट हाकणाऱ्या, नांगर धरणाऱ्या, चुलवाणाशी उभे राहणाऱ्या माणसाचे गुळाने वजन वाढत नव्हते. पाहुणा उन्हातून आला की गूळ-पाणी देत, कारण तो कोसभर चालून आलेला असे. आता पाहुणा गाडीतून उतरतो. अर्धे वाक्य तेवढे दुकानात पोहोचले. ऊन आणि कोसभर वाट मागे राहिली.

भाकरीचे वाक्य

दुसरे वाक्य शिरूरचे : "चपाती सोडा, भाकरी धरा, वजन उतरतंय." याची एक बहीण आहे, "भातानं माणूस सुटतो". त्याच जुन्या तक्त्यात बाजरीच्या १०० ग्रॅममध्ये ३६१ कॅलरी आहेत, ज्वारीत ३४९, तांदळात ३४५ आणि गव्हाच्या पिठात ३४१. म्हणजे ज्या बाजरीने वजन उतरते असे आपण म्हणतो, ती या चौघांत वरच्या क्रमांकावर आहे. अर्थात एवढ्यावरून बाजरीला दोष देणेही तितकेच चूक. बाजरीत तंतुमय भाग जास्त असतो, लोह चांगले असते, १०० ग्रॅममध्ये साडेअकरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. पांढऱ्या तांदळात ती सात ग्रॅमही नसतात. एका भाकरीने पोट भरते, तिथे चपात्या तीन खाल्ल्या जातात, हा अनुभवही खोटा नाही. पण मग उतरते ते वजन भाकरीच्या गुणाने की एकूण कमी खाल्ल्याने, हे वाक्य सांगत नाही. भाकरीवर लोण्याचा गोळा आणि बाजूला शेंगदाण्याच्या चटणीची वाटी घेतली, तर तेही वजन उतरवणारेच ताट ठरते. निदान माझ्या जाऊबाई तरी तसे मानतात.

माझ्या सासूबाईंना हे सगळे ऐकून नवल वाटायचे. १९७२च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली होती. कामावर सुकडी मिळायची, रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो मिळायची. मिलोच्या भाकरीची चव त्या मरेपर्यंत विसरल्या नाहीत. बाजरीची भाकरी त्यांच्या लेखी चांगल्या वर्षाची खूण होती. वजन उतरवण्यासाठी कुणी बाजरी खाते हे त्यांना पटवून देणे मला जमले नाही. त्या म्हणायच्या, "उतरवायला मुळात चढलं पायजे ना गं."

त्यांच्या या बोलण्यात आमच्या भागाची सगळी शब्दसंपत्ती दडलेली आहे. आमच्याकडे कुणी जाड झाले तर "तब्येत झाली" म्हणतात, "अंग धरलं" म्हणतात. बारीक झाले तर "खंगला", "वाळला", "रोडावला". सून माहेरी जाऊन आली की "अंगाला लागलंय माहेर" हे कौतुक असते. जाडीला तब्येत म्हणणारी भाषा वारंवारच्या दुष्काळातून आलेली आहे, आणि तिला हसण्याचे कारण नाही. त्या शब्दांवर 'वेट लॉस', 'डाएट', 'स्लिम' हे शब्द गेल्या वीस-पंचवीस वर्षांत येऊन बसले. आज एकाच घरात आजी नातवाला "खंगलास रे" म्हणते आणि आई त्याच नातवाला "पोट बघ किती सुटलंय" म्हणते. दोघीही वजनाचेच बोलतात. वजनापलीकडे काही असते, हे दोन्ही शब्दकोशांत नाही.

उपासाचे वाक्य

"एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण मराठीने स्वतःच स्वतःवर केलेली टीका आहे. तरीही वहीत "आठवड्यातनं दोन उपास धरते, वजनासाठी" हे वाक्य मला सर्वांत जास्त वेळा लिहावे लागले. उपासाच्या ताटात काय असते ते मी विचारत गेले. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचा लाडू, केळे, आणि चहा. १०० ग्रॅम साबुदाणा म्हणजे ३५१ कॅलरी, ४० ग्रॅम दाण्याचा कूट म्हणजे सुमारे २२७, दोन चमचे तूप धरले तर आणखी ९०. बटाटा न मोजता ही ताटली ६६०च्या पुढे जाते. बाजरीच्या दोन मध्यम भाकरी आणि पालेभाजी यांचे नेहमीचे ताट बहुतेक वेळा याच्या खाली राहते. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. १०० ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅम. ताटलीत जी काही असतात ती दाण्यांमुळे.

इथे हसून पुढे जाता येत नाही, कारण याच वाक्याची दुसरी बाजू मी बचतगटात पाहिली. तिथली एक तिशीतली बाई खरोखरच काही न खाता उपास करत होती. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि दोन एकादश्या. दिवसा शेतात खुरपणी, संध्याकाळी शिलाई मशीन. वजन चार किलो उतरले म्हणून बाकीच्या तिचे कौतुक करत होत्या. आरोग्य शिबिरात तिचे हिमोग्लोबिन आठच्या खाली निघाले. उपासाने रक्त कमी झाले असे एकदम म्हणता येणार नाही. ते आधीपासूनच कमी असणार. पण उतरलेल्या चार किलोंनी ते झाकून टाकले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९-२१मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याच पाहणीत २३.४ टक्के स्त्रिया वाजवीपेक्षा जास्त वजनाच्या, आणि २०.८ टक्के वाजवीपेक्षा कमी वजनाच्या. हे तिन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले की 'वजन उतरवा' हा सल्ला राज्यातल्या सगळ्या बायकांना एका दमात देता येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

दोन पंथ

२०१८च्या आसपास महाराष्ट्रात दोन आहारपंथ आमनेसामने आले, आणि लग्नाच्या पंगतीत "दीक्षित की दिवेकर?" असा प्रश्न विचारला जाऊ लागला. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांचा आधार घेऊन सांगितले की दिवसातून दोनदाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि चाला. ऋजुता दिवेकर यांनी २००९च्या इंग्रजी पुस्तकापासून थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे खाण्याचा, आपल्या मातीतले, आजीच्या हातचे खाण्याचा आणि तुपाला न भिण्याचा पुरस्कार केला. वाचक म्हणून मी दोन्ही बाजूंचे लेखन वाचले आहे आणि दोहोंचे ऋण मान्य केले पाहिजे. एकाने मधल्या वेळच्या चहा-बिस्किटांकडे, फरसाणाकडे बोट दाखवले आणि उपाय फुकट सांगितला. दुसरीने घरच्या अन्नाविषयी शहरी माणसाला वाटणारी लाज घालवली. हे दोन्ही लहान काम नव्हे.

पण दोन्हींचा गृहीत वाचक कोण, हे तपासायला हवे. दीक्षितांच्या मोहिमेचा परवलीचा शब्द 'विनासायास'. विनासायास वजन कमी करा. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो दौंडला एका कार्यक्रमात, आणि परतताना रस्त्यावर ऊसतोडीच्या टोळ्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना दिसल्या. त्या बाईला विनासायास काय सांगायचे? तिचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. ती दोनदाच जेवते, कारण तिसऱ्यांदा जेवायला वेळ नसतो. दुसऱ्या पंथातले दर दोन तासांनी मूठभर काही खाणे तिला त्याहून दूरचे. रांजणगावला पाळीत काम करणाऱ्या माझ्या पुतण्याला दोन्ही पंथ आळीपाळीने करून झाले. रात्रपाळीच्या आठवड्यात पहिले जेवण कोणते धरायचे, याचे उत्तर त्याला कुठेच मिळाले नाही. दोन्ही सल्ले ज्याचा दिवस स्वतःच्या हातात आहे त्याच्यासाठी लिहिलेले आहेत. वाक्याचा हा अर्धा भाग वक्त्यांनी लपवला असे माझे म्हणणे नाही. सभागृहात समोर तोच वर्ग बसलेला असल्याने तो उच्चारायची गरज पडली नाही.

पंथाभिमानाविषयी आणखी एक. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ माणसांवर वर्षभर प्रयोग केला. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना कमी स्निग्धाचा आहार, निम्म्यांना कमी पिष्टाचा. वर्षअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोने उतरले, दुसऱ्याचे ६ किलोने. हा फरक शास्त्रज्ञांनी दखलपात्र मानला नाही. पण प्रत्येक गटाच्या आत कुणाचे वजन खूप उतरले होते, तर कुणाचे उलट वाढले होते. प्रयोग जेवणाच्या वेळांचा नव्हता, तेव्हा त्यावरून आपल्या वादाचा निकाल लावता येणार नाही. तरी "आमचा आहार की तुमचा" या प्रश्नापेक्षा माणसामाणसांतला फरक मोठा निघतो, एवढे त्यातून शिकता येते. आणि कोणताही नवा आहार सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात जे दोन-अडीच किलो झटकन उतरतात, त्यांत बराच भाग पाण्याचा असतो. शरीरात साठवलेली साखर तिच्या तिप्पट पाणी धरून असते. साठा वापरला गेला की पाणीही जाते. प्रत्येक पंथाचे पहिले चमत्कार याच आठवड्यात घडतात आणि त्याच आठवड्यात इतरांना सांगितले जातात.

सहा खेड्यांतले उत्तर

आता अण्णांच्या वाक्याकडे येते. गंमत अशी की त्या वाक्याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात, पुण्याजवळच्या सहा खेड्यांत शोधले जात होते, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण काम शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकच्या रुग्णालयामुळे आम्हाला माहीत आहे. याच केईएममधले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या कॅरोलिन फॉल आणि इतर सहकाऱ्यांसह १९९३मध्ये 'पुणे मातृ-पोषण अभ्यास' सुरू केला. सहा खेड्यांतल्या शेतकरी घरांतल्या स्त्रिया गरोदर राहण्याआधीपासून नोंदल्या गेल्या. त्या काय खातात, किती काम करतात, बाळ किती वजनाचे होते, हे सगळे मोजले गेले. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात इथली ६३१ बाळे आणि साउदम्प्टनची ३३८ बाळे शेजारी ठेवली आहेत. इथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तिथल्यांचे ३.५. उंची कमी, दंड बारीक, पोटाचा घेर कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. मास कमी पडले, चरबी राखली गेली. याज्ञिकांनी या बाळाला 'बारीक पण चरबीदार' म्हटले. आईचे वजन-उंचीचे प्रमाण, ज्याला बीएमआय म्हणतात, इथे सरासरी १८.१ होते, तिथे २३.४.

त्याच याज्ञिकांनी पुढच्या वर्षी, २००४मध्ये, 'लॅन्सेट'मध्ये लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर एक पानभर टिपण छापले. दोघांचे फोटो शेजारी, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याच्या दृष्टीने ही दोन माणसे एकच होती.

ही माहिती मला अण्णा गेल्यानंतर दोन वर्षांनी मिळाली. ती वाचताना ओट्यावर बसलेले अण्णा डोळ्यांपुढे आले. हातापायांच्या काड्या आणि सदऱ्याखाली किंचित पुढे आलेले पोट. ते पोट आम्ही कधी पाहिलेच नव्हते, कारण काट्यावर ५३ दिसत होते. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी बीएमआयची जास्त वजनाची रेषा २५वरून २३वर आणली आहे. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत असावा असे म्हटले आहे. अण्णांचा घेर आम्ही कधी मोजला नाही, आणि बारीक शरीराच्या मधुमेहामागे इतरही कारणे असू शकतात. तेव्हा त्यांच्या बाबतीत नेमके काय झाले हे मी सांगू शकत नाही. "काटक माणसाला साखर होत नाही" या वाक्याला आमच्या जिल्ह्यात आधार नव्हता, एवढे मात्र नक्की सांगता येते.

या अभ्यासातल्या आणखी दोन नोंदी माझ्या वहीला थेट भिडतात. पहिली अशी की या गरोदर बायकांचा आहार दिवसाला सरासरी १,७७० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने इतकाच होता. तरी बाळाच्या आकाराशी सर्वांत स्पष्ट नाते आढळले ते पालेभाजी, फळे आणि दूध किती वेळा खाण्यात येते याच्याशी. नुसते "किती" पाहून भागत नव्हते, "काय" हेही पाहावे लागत होते. दुसरी अशी की ज्या बायकांना शेतातले आणि घरातले, पाणी भरण्याचे कष्ट जास्त, त्यांची बाळे लहान. आमच्याकडे वाक्य आहे, "काम करत राहिलं की बाळंतपण सोपं जातं." ज्या घरात बसून खायला आहे तिथे ते ठीक असेल. अर्धपोटी हंडे वाहणाऱ्या बाईला ते सांगितले की त्याचा अर्थ बदलतो. वजन विनासायास उतरावे असे एका वर्गाला वाटत असताना, दुसऱ्या वर्गातल्या बायकांचे सायास त्यांच्या पोटातल्या बाळाला महाग पडत होते.

गैरसमजांच्या लेखांविषयी

दिवाळी अंकांतून आणि आरोग्य पुरवण्यांतून 'समज-गैरसमज' असे लेख नेहमी येतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. डावीकडे समज, उजवीकडे वस्तुस्थिती. लिंबू-मधाच्या गरम पाण्याने चरबी वितळत नाही. पोटाचे व्यायाम केल्याने फक्त पोटाचीच चरबी जात नाही. घाम गाळल्याने उतरते ते पाणी. ही उत्तरे बरोबर असतात आणि ती द्यायलाच हवीत. वजन कमी करण्याला महत्त्व नाही असेही माझे म्हणणे नाही. ब्रिटनमध्ये २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मधुमेह होऊन सहा वर्षे उलटली नव्हती अशा जाड रुग्णांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरवले, आणि वर्षभराने त्यांतल्या ४६ टक्क्यांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. ज्याला खरेच उतरवायचे आहे त्याच्यासाठी ही मोठी आशा आहे.

माझा आक्षेप साच्याला आहे. डावीकडचे वाक्य खोडले तरी दोन्ही बाजूंना एक गृहीतक तसेच राहते, की वाचक जाड आहे, त्याला बारीक व्हायचे आहे आणि बारीक झाला की तो सुटला. अण्णांसारखा माणूस, बचतगटातली ती बाई, फळीवरून मोळी चढवणारी ऊसतोड मजूर, हे त्या लेखाचे वाचक नाहीतच. आणि जिथे असा लेख पोहोचत नाही, तिथे त्यातले अर्धे वाक्य मात्र पोहोचते. चांगल्या लेखाने वाक्य नुसते खोटे ठरवून थांबू नये. त्याचा हरवलेला भाग शोधून परत जोडावा : गूळ कुणासाठी, भाकरी कितीची, उपास कुणी करावा, आणि काटा काय सांगत नाही.

गेल्या दिवाळीला आम्ही सगळे दौंडला जमलो. फराळाचे ताट पुढे आल्यावर नेहमीचे बोलणे सुरू झाले. भाची म्हणाली की करंजी गुळाची आहे, चालते. जाऊबाई म्हणाल्या की उद्यापासून उपास. माझा धाकटा भाऊ ४८ वर्षांचा, अण्णांसारखाच काड्यांचा, काट्यावर ५६. त्याने हसत चौथा लाडू उचलला आणि म्हणाला, "मला काय होतंय, मी अण्णांवर गेलोय."

कुणी काही बोलले नाही. मी शिलाईच्या डब्यातली टेप आणली आणि सगळ्यांसमोर त्याच्या कमरेला लावली. ९३ सेंटिमीटर. तो थोडा चिडला, थोडा हसला. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला उपाशीपोटी रक्त तपासायला घेऊन गेले. साखर हद्दीवर आहे, अजून ओलांडलेली नाही. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. लाडू त्याने सोडला नाही, एकावर आणला आहे. संध्याकाळी कालव्याच्या कडेने चालायला जातो, आणि ओट्यावर तब्येतीचा विषय निघाला की आता उदाहरण म्हणून स्वतःची टेप सांगतो.